भिंतीवरून नको, गेटमधूनच टिपा: जुन्या प्रोजेक्टरवरून सुपर-8 फिल्म डिजिटल करताना

थोरल्या काकांचा नाशिकच्या रविवार कारंज्याजवळ फोटो स्टुडिओ होता. तो बंद झाला तेव्हा डार्करूममधलं सामान आमच्या माळ्यावर आलं. एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा फोटो कागदावर पाडायचं यंत्र), ट्रे, एक सुपर-8 चा (8 मिलिमीटर रुंदीच्या घरगुती फिल्मचा) प्रोजेक्टर आणि पत्र्याच्या डब्यात अकरा रिळं. प्रत्येक रिळावर काकांच्या अक्षरात चिठ्ठी: ‘रहाड’ (नाशिकच्या रंगपंचमीचा जमिनीतला रंगाचा हौद), ‘गोदेचा पूर’, ‘आई, वाड्यात’. ही आई म्हणजे माझी आजी. ती गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. तिचा हलता-बोलता चेहरा आता फक्त त्या एका रिळात उरलाय, आणि ते रीळ आहे तीन मिनिटं वीस सेकंदांचं.

मी सातपूरच्या एमआयडीसीत चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. त्यामुळे यंत्राची भीती नव्हती, पण फिल्मची होती, कारण फिल्म दुसरी मिळत नाही. कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म धुणारी शेवटची प्रयोगशाळासुद्धा 2010 च्या अखेरीस नवी रिळं घेणं थांबवून मोकळी झाली. जे हातात आहे तेवढंच आहे.

सुरुवातीला मीही सगळे करतात तेच केलं. भिंतीवर चित्र पाडलं आणि समोर स्टँडवर मोबाइल लावला. चित्राचा मध्य भगभगीत, कोपरे अंधारे, वर सारखी फडफड. आजी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली आहे एवढं कळत होतं, पण तिचं पांढरं लुगडं आणि चेहरा मिळून एकच पांढरा ठिपका झाला होता. तिचा चेहरा फिल्मवर आहे, हे मला खात्रीनं माहीत होतं, कारण तीच पट्टी खिडकीकडे धरून भिंगातून पाहिली की डोळे, सुरकुत्या, कपाळ सगळं दिसत होतं. म्हणजे फिल्मचा दोष नव्हता. चित्र मधल्या मध्ये हरवत होतं: दिव्याच्या झोतात थोडं, प्रोजेक्टरच्या लेन्समध्ये थोडं, भिंतीच्या गिलाव्यात थोडं. मग ठरवलं की भिंतही नको आणि प्रोजेक्टरची लेन्सही नको. प्रोजेक्टरनं फक्त फिल्म एकेक फ्रेम पुढे सरकवायची, आणि कॅमेऱ्यानं गेटमधल्या, म्हणजे फिल्म दिव्यासमोर जिथे थांबते त्या चौकटीतल्या, फ्रेमचाच फोटो काढायचा.

पण यंत्राला हात लावण्याआधी फिल्म तपासा. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर फिल्मचा ॲसिटेटचा (प्लास्टिकसारखा) पाया कुजायला लागलाय असं समजा. ते रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि त्याचं काम सगळ्यात आधी करा, कारण तो वास थांबत नाही. नंतर आखडलेपणा मोजा. सुपर-8 च्या एका छिद्रापासून पुढच्या छिद्रापर्यंतचं अंतर 4.234 मिलिमीटर असतं, म्हणजे शंभर फ्रेमची लांबी 423.4 मिलिमीटर भरायला हवी. स्टीलची पट्टी टेबलावर ठेवा, फिल्म न ताणता तिच्या शेजारी पसरा आणि मोजा. 419 च्या आसपास आली तर फिल्म एक टक्का आखडलीय. मग प्रोजेक्टरची नखी (फिल्म ओढणारा दाता) छिद्रात नीट बसत नाही आणि कडा फाडते. अशी फिल्म प्रोजेक्टरवर चढवूच नका. जुन्या स्टँडर्ड-8 मध्ये हेच अंतर 3.81 मिलिमीटर असतं. छिद्र बारीक आणि फ्रेमच्या मधोमध असेल तर सुपर-8, मोठं आणि दोन फ्रेमच्या मधल्या रेघेवर असेल तर स्टँडर्ड.

ही छिद्रं मोजताना मला नेहमी सरस्वतीबाई फाळके आठवतात. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेबांना कोरी फिल्म छिद्रांविना मिळायची आणि घरात अंधार करून त्या ती छिद्रं पाडत असत. एका छिद्राची जागा चुकली की चित्र पडद्यावर उडी मारणार. तेच गणित आज आपल्या टेबलावर आहे.

जुने जोड सुटले असतील तर नव्या स्प्लायसिंग टेपनं जोडा. साधा सेलोटेप अजिबात नको, त्याचा डिंक पाझरतो. धूळ काढायला आधी ब्लोअर, मग धुतलेलं मऊ सुती कापड दोन बोटांत हलकं धरून त्यातून फिल्म ओढा. आणि हे काम पावसाळ्यात करू नका. श्रावणात नाशिकच्या हवेत डबे उघडले की फिल्म ओल धरते आणि बुरशीला निमित्त मिळतं. मी दिवाळीनंतर बसलो.

आता प्रोजेक्टर. प्लग काढा, दिवा पूर्ण गार होऊ द्या. गेट उघडून आतली प्रेशर प्लेट बाहेर काढा. चौकटीच्या कडेला जुन्या फिल्मचं इमल्शन (चित्र धरणारा थर) घासून काळ्या चिकट पापुद्र्यासारखं बसलेलं असतं. ते बांबूच्या काडीनं किंवा टूथपिकनं खरवडा आणि शेवटी कानातल्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. पिन, ब्लेड, स्क्रूड्रायव्हर यांतलं काही लावायचं नाही. फिल्म ज्या दोन पट्ट्यांवरून सरकते त्यांवर एक ओरखडा पडला तर तोच ओरखडा पुढे प्रत्येक फ्रेमवर उमटतो.

चौकटीचं भोक मुळातच फ्रेमपेक्षा थोडं लहान असतं, म्हणून चारही बाजूंनी चित्र कापलं जातं. ते मी कानसून मोठं केलं. गेटची पट्टी सुटी करून व्हाइसमध्ये तांब्याच्या जबड्यांत धरली, सगळ्यात बारीक कानस घेतली, आणि दर चार हातांनंतर भिंगातून पाहत गेलो. सुपर-8 चं कॅमेऱ्यातलं चित्र साधारण 5.8 बाय 4 मिलिमीटरचं असतं, त्याच्या बाहेर पाव मिलिमीटर मोकळं झालं की थांबायचं. नंतर 1500 नंबरचा पॉलिश पेपर ओला करून बर (कानसताना कडेला उठलेली धार) काढा. नख फिरवून पाहा; नखाला लागलं तर फिल्मला लागणारच. कापलेल्या कडांना मॅट काळा रंग द्या, नाहीतर त्या चमकतात आणि चित्रात धुरकट पांढरेपणा येतो. कानस हातात सरावाची नसेल तर हे काम एखाद्या टूलरूमवाल्याकडून करून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे दिवा. माझ्या प्रोजेक्टरमध्ये 12 व्होल्ट 100 वॅटचा रिफ्लेक्टरवाला हॅलोजन होता. खोलीभर अंतरावरच्या पडद्यासाठी तो ठीक, पण कॅमेरा वीतभर अंतरावर आल्यावर तो फार जास्त होतो, आणि फिल्म थांबली की जाळतो. ‘गोदेचा पूर’ लावला होता. बेल्ट घसरला, फिल्म अडकली आणि डोळ्यांदेखत चित्रावर तपकिरी फोड आला. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीची ती एक फ्रेम गेली ती गेलीच. त्या रात्री मी दिवा काढून टाकला.

त्याच्या जागी 3 वॅटचा पांढरा एलईडी, मागे ॲल्युमिनियमचं हीट सिंक. घेताना सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) विचारा, 90 च्या वरच हवा. मी पहिला घेतला तो साधा स्वस्तातला होता, आणि त्याचा दोष मला ‘रहाड’ रिळानं दाखवला. शनी चौकातल्या रहाडीचं पाणी गुलाबी असतं. त्यात मी स्वतः रंगपंचमीला धप्पे, म्हणजे उड्या, मारलेत. आठवडाभर तो रंग कानामागून जात नसे. तो गुलाबी मला डोळे मिटून ओळखता येतो. स्वस्त एलईडीत तो विटकरी आणि मेलेला दिसत होता, कारण अशा दिव्यात लाल रंगाचा भागच अपुरा असतो. जो रंग दिव्यात नाही तो नंतर संगणकावर कितीही ओढला तरी येत नाही. चांगला एलईडी लावला आणि पाणी पुन्हा रहाडीचं झालं. उजेड कमी-जास्त करायला घरगुती डिमर वापरू नका. तो दिवा भराभर चालू-बंद करत असतो आणि चित्रात आडवे पट्टे येतात. स्थिर करंट देणारा छोटा ड्रायव्हर घ्या. उजेड कमी पडला तर कॅमेऱ्याचा शटर वेळ वाढवा.

आणि दिवा कधीही थेट फिल्मवर पडू देऊ नका. प्रोजेक्टरमधली उजेड एकवटणारी कंडेन्सर भिंगं काढा आणि गेटच्या मागे दुधी ॲक्रिलिकचा 3 मिलिमीटर जाडीचा तुकडा बसवा. साइनबोर्ड बनवणाऱ्याकडे असे तुकडे कचऱ्यात पडलेले असतात. मी गेटपासून साधारण दीड सेंटीमीटरवर बसवला. अगदी चिकटवला तर ॲक्रिलिकवरची धूळही फोकसमध्ये येते. या एका तुकड्यानं जितका फरक पडला तितका दुसऱ्या कशानंही पडला नाही. कंडेन्सरचा उजेड एकाच दिशेनं येतो, ओरखड्यावर आदळून बाजूला फेकला जातो, आणि ओरखडा काळ्या रेघेसारखा दिसतो. दुधी तुकड्यातून उजेड सगळ्या बाजूंनी येतो, म्हणून बारीक ओरखडे भरून निघतात. शिवाय चित्राचा कडकपणा उतरतो. एन्लार्जरवर काम केलेल्यांना कॅलिअर परिणाम माहीत असेल, तो हाच. आजीच्या रिळाची पहिली फ्रेम मी या उजेडात पाहिली. लुगड्याचा पांढरा वेगळा, केसांचा पांढरा वेगळा, आणि त्या दोहोंच्या मध्ये कपाळावरच्या तीन आठ्या. सुपात खाली पाहताना ती डावी भुवई किंचित उचलते. माझी थोरली मुलगी हिशेब करताना अगदी तशीच उचलते. मी त्या फ्रेमवर बराच वेळ थांबलो, आणि आता थांबलं तरी फिल्म जळत नव्हती.

लेन्स मला काकांच्या एन्लार्जरचीच मिळाली, 50 मिलिमीटरची. ती बेलोजवर (कॅमेऱ्याला लावायच्या, लांबी बदलता येणाऱ्या घडीच्या नळीवर) उलटी लावली, म्हणजे जी बाजू एन्लार्जरमध्ये कागदाकडे असते ती कॅमेऱ्याकडे आली. दुप्पट मोठं चित्र हवं तर फिल्मपासून लेन्स साधारण साडेसात सेंटीमीटर आणि लेन्सपासून सेन्सर पंधरा सेंटीमीटर येतो. प्रोजेक्टरची लेन्स नळीसकट काढली की एवढी जागा मिळते. एपीएस-सी सेन्सरवर फ्रेम निम्मी रुंदी व्यापते. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात म्हणजे सुमारे 3000 पिक्सेल, सुपर-8 ला ते भरपूर. ॲपर्चर f/4 किंवा f/5.6 ठेवा. जास्त बंद केलं तर इतक्या जवळून चित्र उलट मऊ होतं. फोकस माणसाच्या चेहऱ्यावर करू नका, फिल्मच्या दाण्यावर करा. चारही कोपऱ्यांत दाणा सारखा टोकदार दिसेपर्यंत कॅमेरा सरळ करा. मी कॅमेरा आणि प्रोजेक्टर एकाच एमडीएफ फळीवर बोल्टनं आवळले.

चालवण्यासाठी मूळ मोटरचा बेल्ट काढला आणि शटरच्या शाफ्टला 60 आरपीएमची गिअर मोटर जोडली. बहुतेक प्रोजेक्टरमध्ये हा शाफ्ट दर फ्रेमला एक फेरा घेतो. हातानं फिरवून आधी खात्री करा. मिनिटाला साठ फेरे म्हणजे सेकंदाला एक फ्रेम. 50 फुटांच्या रिळात 3600 फ्रेम असतात, म्हणजे बरोबर एक तास. शटरची पाती काढून टाकली, त्यांची आता गरज नाही. शाफ्टवर छोटं लोहचुंबक चिकटवलं, समोर रीड स्विच लावला आणि त्याच्या दोन तारा कॅमेऱ्याच्या वायर्ड रिमोटला सोल्डर केल्या. चुंबक समोर आलं की फोटो निघतो. चित्र हललेलं आलं तर नखी अजून फिल्म ओढत असतानाच फोटो निघतोय. चुंबक शाफ्टवर थोडं मागे-पुढे सरकवा. कॅमेऱ्याचा इलेक्ट्रॉनिक शटर वापरा, नाहीतर अकरा रिळांत चाळीस हजार खटके पडतील. एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस सगळं हातानं ठरवून कुलूपबंद करा. रिळातली सगळ्यात उजळ फ्रेम शोधून एक्सपोजर तिच्यावर ठरवा.

एवढं यंत्रकाम करायचं नसेल तर निदान एक करा. प्रोजेक्टरचा वेग बदलता येत असेल आणि पाती तीन असतील, तर वेग सेकंदाला 16⅔ फ्रेमवर आणा. तीन पात्यांनी 50 झपके होतात. कॅमेरा 25 फ्रेम आणि शटर 1/50 वर ठेवला की फडफड थांबते. भिंतीऐवजी गुळगुळीत पांढरा कागद लावा, चित्र हातभर रुंदीचंच पाडा.

फोटो संगणकावर घेतल्यावर मी आधी चित्र 180 अंशांत फिरवलं. माणसं सुलटी झाली, पण मेन रोडवरच्या दुकानांच्या पाट्या आरशात पाहिल्यासारख्या दिसायला लागल्या. कारण आपण फिल्म लेन्सच्या बाजूनं टिपतोय. फिरवायचं नाही, वरखाली पलटवायचं, म्हणजे उभा फ्लिप. मग पाट्या वाचता येतात.

शेवटी वेग. सगळे फोटो ओळीनं लावून सॉफ्टवेअरला ते सेकंदाला किती चालवायचे हे सांगावं लागतं. आपोआप 24 किंवा 25 येतं, ते बदला. सुपर-8 ला 18, स्टँडर्ड-8 ला बहुतेक वेळा 16. मी प्रथम 25 वर पाहिलं तेव्हा आजी सूप काखेत धरून झपाझप आत निघून गेली. तिचे गुडघे दुखायचे, ती तशी कधीच चालली नाही. 18 केलं आणि ती उंबऱ्याशी थांबली, चौकटीला हात टेकला, आणि सावकाश आत गेली.