कंपनीचं ‘काळजी नसावी’ पत्र कसं वाचायचं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी एक मेल टाकतं आणि खाली विचारतं, “काका, हे काय आहे? घाबरायचं का?” मेल कधी एखाद्या ॲपचा असतो, कधी विमा कंपनीचा, कधी ऑनलाइन दुकानाचा. मजकूर ठरलेला: आमच्या यंत्रणेत काही अनधिकृत हालचाल आढळली, आम्ही तातडीने पावलं उचलली, आपण निश्चिंत राहावं. मी सहकारी बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालो, म्हणून हे खातं माझ्याकडे आलंय. दरवेळी अंगठ्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो.

पहिला परिच्छेद सोडून द्या. ‘आपली गोपनीयता हेच आमचं सर्वोच्च प्राधान्य’ या वाक्यात माहिती शून्य असते. कागद-पेन घ्या आणि खालच्या मजकुरातून तीन तारखा शोधा: चोर आत कधी शिरला, कंपनीला कधी कळलं, तुम्हाला कधी कळवलं. पत्र बरं असेल तर तिन्ही सापडतात. बहुतेकदा एखादीच सापडते, आणि उरलेल्या दोन का लिहिल्या नसतील हा पहिला प्रश्न.

अमेरिकेतल्या इक्विफॅक्सचं प्रकरण मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो. लोकांच्या कर्जाचा इतिहास सांभाळणारी ही कंपनी, म्हणजे आपल्याकडच्या सिबिलसारखं काम. ‘अपाचे स्ट्रट्स’ नावाच्या सॉफ्टवेअरमधलं एक भोक मार्च २०१७ मध्ये जाहीर झालं आणि ते बुजवणारा पॅचही तेव्हाच आला. इक्विफॅक्सच्या एका पोर्टलवर तो बसवलाच गेला नाही. मे महिन्याच्या मध्यात चोर आत. कंपनीला कळलं २९ जुलैला. जगाला सांगितलं ७ सप्टेंबरला, शेअर बाजार बंद झाल्यावर. मधल्या काळात, १ आणि २ ऑगस्टला, कंपनीच्या तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मिळून सुमारे १८ लाख डॉलरचे शेअर विकले. त्यांना चोरीची कल्पना नव्हती असा निर्वाळा कंपनीच्याच समितीने दिला. ते खरं धरू. पण दुसऱ्या एका अधिकाऱ्याला घोषणेआधी शेअर विकल्याबद्दल २०१९ मध्ये तुरुंगवास झालाच.

आता या तारखा ओळीने लिहून बघा. मार्च, मे, जुलै, सप्टेंबर. ‘अत्यंत प्रगत हल्ला’ वगैरे शब्दांची गरजच उरत नाही. पॅच दोन महिने पडून होता, बस्स. तरी अमेरिकी संसदेपुढे माजी प्रमुखांनी सांगितलं की एका कर्मचाऱ्याने पॅचचा निरोप पुढे पोचवला नाही. चौदा कोटींहून जास्त लोकांची माहिती एका माणसाच्या निरोपावर टांगलेली असेल तर दोष त्या माणसाचा की तशी व्यवस्था लावणाऱ्याचा, हे ज्याने बँकेत एकदा तरी ऑडिट सोसलंय त्याला विचारा.

तारखांनंतरचं महत्त्वाचं वाक्य म्हणजे ‘गैरवापर झाल्याचा कोणताही पुरावा आढळला नाही’. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच निश्चिंत होतात.

पुरावा म्हणजे लॉग. कोण कधी आत आलं, कुठली फाइल उघडली, किती डेटा बाहेर गेला, याची यंत्रणेने आपोआप केलेली नोंद. हे लॉग जागा खातात. डिस्क भरली की जुन्यावर नवीन चढतं. कितीतरी ठिकाणी लॉग चालू असतो पण कुणी बघत नाही, आणि काही ठिकाणी सर्व्हर धिमा होतो म्हणून चक्क बंद करून ठेवलेला असतो. आपल्याकडे सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, २०२२ मध्ये १८० दिवसांचे लॉग ठेवायची सक्ती केली, ती काही हौस म्हणून नाही. तेव्हा ‘पुरावा नाही’ याचे दोन अर्थ संभवतात: सगळे लॉग तपासले आणि काही निघालं नाही, किंवा तपासायला लॉगच नव्हते. दोन्ही वेळा वाक्य तेच छापता येतं, आणि दोन्ही वेळा ते खोटं नसतं.

लास्टपासचं उदाहरण घ्या. लोकांचे पासवर्ड तिजोरीत ठेवायचा हाच या कंपनीचा धंदा. २५ ऑगस्ट २०२२ ला त्यांनी कळवलं की प्रोग्रामर जिथे काम करतात त्या भागात कुणीतरी शिरलं, पण ग्राहकांच्या डेटाला किंवा तिजोरीला हात लागल्याचा पुरावा नाही. ३० नोव्हेंबरला दुसरं निवेदन: ऑगस्टमध्ये चोरलेली माहिती वापरून कुणीतरी ग्राहकांच्या माहितीच्या ‘काही घटकां’पर्यंत पोचलं. आणि २२ डिसेंबरला, नाताळच्या तोंडावर, तिसरं: ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअपची प्रतच चोराने नेली. आतले पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद होते, पण कुठल्या वेबसाइटचे पासवर्ड आहेत ते पत्ते उघडे होते. पुढच्या वर्षी कळलं की चोर एका इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरमधून पुढे सरकला होता.

ऑगस्टचं निवेदन त्या दिवसापुरतं बहुधा खरंच होतं. म्हणून माझा नियम असा की पहिलं पत्र आलं की त्याची प्रत ठेवायची, स्क्रीनशॉट घ्यायचा, आणि शेवटचा शब्द म्हणून ते कधीच वाचायचं नाही. याहूने डिसेंबर २०१६ मध्ये सांगितलं होतं की २०१३ च्या चोरीत १०० कोटी खात्यांची माहिती गेली. ऑक्टोबर २०१७ मध्ये आकडा ३०० कोटी झाला, म्हणजे २०१३ साली असलेली त्यांची झाडून सगळी खाती.

टक्केवारी दिसली की आणखी सावध. लॉग-इनची सेवा विकणाऱ्या ऑक्टाने नोव्हेंबर २०२३ च्या सुरुवातीला सांगितलं की १३४ ग्राहकांना, म्हणजे एक टक्क्याहून कमी ग्राहकांना चोरीची झळ बसली. महिना संपता संपता दुरुस्ती आली: सपोर्ट यंत्रणा वापरणाऱ्या सगळ्यांचीच नावं आणि ईमेल असलेली यादी चोराने उतरवून घेतली होती. बहुतेकांचं नाव-ईमेल यापलीकडे काही गेलं नाही हेही खरं. पण ‘एक टक्का’ कशाचा, ग्राहक म्हणजे कंपनी की माणूस, हे विचारल्याशिवाय टक्क्याला अर्थ नाही.

क्रियाविशेषणं शाईने अधोरेखित करा. जून २०२३ मध्ये एका टेलिग्राम बॉटमध्ये (आपोआप उत्तर देणाऱ्या खात्यात) मोबाइल नंबर टाकला की लस घेतलेल्याचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक, लस कुठे घेतली ते केंद्र, असं सगळं येत होतं. आरोग्य मंत्रालयाने कोविन फुटल्याच्या बातम्या निराधार ठरवल्या. माहिती-तंत्रज्ञान राज्यमंत्र्यांनी म्हटलं की कोविनच्या डेटाबेसवर ‘थेट’ घाला पडलेला दिसत नाही. त्या ‘थेट’वर सगळं वाक्य उभं आहे. माणसाची माहिती बॉटवर होती की नव्हती? होती. पुढे त्या प्रकरणात दिल्ली पोलिसांनी बिहारमधून एकाला अटकही केली.

सगळीच निवेदनं फसवी असतात असंही नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला हल्ला झाला, ९४ कोटींच्या वर रक्कम गेली, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. बँक म्हणाली, कोअर बँकिंगला, म्हणजे खात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या मुख्य यंत्रणेला, धक्का नाही, खातेदारांचे पैसे सुरक्षित आहेत. ते बरोबर होतं. हल्लेखोरांनी एटीएमच्या खऱ्या स्विचशेजारी स्वतःचा खोटा स्विच उभा केला होता आणि पैसे काढायची परवानगी तोच देत होता. गेले ते बँकेचे पैसे. त्या आठवड्यात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सहकारी बँकांतले आम्ही सगळे आपापल्या स्विचच्या व्हेंडरला फोन लावून बसलो होतो. मुद्दा असा की कॉसमॉसच्या खुलाशात काय सुरक्षित आणि काय नाही याची सीमा स्पष्ट होती, पुढे पोलिस तपासात ती पडताळता आली. अशी सीमा दिसली तर थोडा विश्वास टाकावा.

उलट्या बाजूने येणाऱ्या बातम्यांनाही हीच चाळणी लावा, कारण घाबरवणाऱ्याचंही दुकान असतं. २०२४ च्या सुरुवातीला एका स्विस दैनिकात आलं की ३० लाख स्मार्ट टूथब्रश हॅक करून एका कंपनीची वेबसाइट पाडली. जगभर छापून आलं. तसे ब्रश सहसा ब्लूटूथने मोबाइलला जोडलेले असतात, स्वतः इंटरनेटवर नसतात, हे कुणी विचारलं नाही. माहिती फोर्टिनेट या सुरक्षा उत्पादनं विकणाऱ्या कंपनीकडून आली होती. गवगवा झाल्यावर ती म्हणाली, ते काल्पनिक उदाहरण होतं. दैनिक म्हणालं, आम्हाला खरी घटना म्हणून सांगितलं होतं. वेबसाइट पडलेल्या कंपनीचं नाव नाही, तारीख नाही, हे बातमीतच दिसत होतं. जून २०२५ मधले ‘१६०० कोटी पासवर्ड फुटले’ हेही तसंच. गूगल किंवा ॲपल फुटलं नव्हतं. लोकांच्या कॉम्प्युटरमधल्या व्हायरसने वेळोवेळी चोरलेल्या याद्यांचे ढीग एकत्र मोजले होते, त्यांत एकच नोंद पुन्हापुन्हा.

आपल्या दाराशी घडलेलं सांगतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढच्या फेब्रुवारीअखेर अमेरिकेतल्या एका दैनिकाने रेकॉर्डेड फ्युचर या सायबर सुरक्षा कंपनीच्या अहवालावरून चिनी हॅकर्सशी त्याचा संबंध सुचवला. १ मार्चला राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देत घातपाताची शक्यता सांगितली. दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंग म्हणाले, वीज मानवी चुकीमुळे गेली, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. ग्रुपवर दोन तट पडले. मी मूळ अहवालाकडे बोट दाखवलं: वीज जाण्याशी संबंध सिद्ध झालेला नाही, असं त्यात रेकॉर्डेड फ्युचरनेच लिहिलं होतं. यंत्रणेत घुसखोरीचा प्रयत्न होणं आणि त्यामुळेच वीज जाणं या दोन वेगळ्या गोष्टी. मथळ्याने त्या एक केल्या.

आता कामाचं. पत्र आलं, पुढे काय?

त्यातल्या लिंकवर टिचकी मारू नका. चोरीची बातमी फुटली की तिच्या नावाने खोटे मेल निघतात. इक्विफॅक्सने मदतीसाठी वेगळी वेबसाइट काढली. तिच्या नावातले शब्द उलटेपालटे करून एका प्रोग्रामरने धोका दाखवण्यासाठी खोटी साइट बनवली, आणि इक्विफॅक्सच्या अधिकृत ट्विटर खात्यानेच लोकांना त्या खोट्या साइटवर पाठवलं. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करा.

मग कंपनीने कबूल केलेलं आणि न केलेलं, दोन्ही गेलंय असं धरा. पासवर्ड गेला असेल तर तो बदलाच, पण तोच पासवर्ड आणखी कुठेकुठे वापरलाय तिथे आधी. ईमेलचा सगळ्यात आधी, कारण बाकीचे पासवर्ड तिथूनच रीसेट होतात. कार्डाचा तपशील गेला असेल तर बँकेच्या ॲपमधून परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बंद करा, लागतील तेव्हा उघडा. आधार क्रमांक गेला असेल तर तो बदलता येत नाही, पण बोटांचे ठसे आधारच्या अधिकृत ॲपमधून लॉक करता येतात. फोन नंबर, पत्ता आणि ऑर्डरचा इतिहास गेला असेल तर, मला विचाराल तर, हे सगळ्यात वाईट. महिन्याभराने फोन येईल: “मॅडम, तुम्ही अमुक तारखेला मिक्सर घेतला होता, त्याचं रिफंड आलंय.” तारीख बरोबर, वस्तू बरोबर, म्हणून माणूस खरा वाटतो. घरातल्या आजी-आजोबांना हे वाक्य आधीच ऐकवून ठेवा.

पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन, आणि बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे दोष ना तुमचा ना बँकेचा असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, शाखेतला माणूस “करतो, करतो” म्हणाला याला कागदावर किंमत नाही.

‘वर्षभर मोफत संरक्षण’ मिळत असेल तर अटी वाचून घ्या. इक्विफॅक्सच्या मोफत सेवेच्या अटींत सुरुवातीला कोर्टात न जाण्याचं कलम होतं, ओरड झाल्यावर ते काढलं.

शेवटी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. त्याचं नाव-पत्ता वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात असतो, आणि माहिती-तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार त्याने महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तीन प्रश्न पुरेत: माझ्या नोंदीतले नेमके कुठले रकाने गेले? चोर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आत होता? त्या संपूर्ण काळाचे लॉग तुमच्याकडे आहेत का? पहिल्या दोनांना साचेबंद उत्तर येईल. तिसऱ्याला बहुधा उत्तरच येणार नाही, तेव्हा स्मरणपत्र पाठवा. आणि मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये चार महिन्यांनंतरची एक तारीख टाकून ठेवा, त्या दिवशी कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन पुढचं निवेदन आलंय का ते बघायचं. सणासुदीच्या आदल्या दिवशी टाकलेलं आधी शोधा.