वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी कमी पैशात चालू कराची असेल तर

आमच्या नागपूरच्या मानेवाड्याच्या घरी काकाजींची स्प्लेंडर सात वर्षं निंबाखाली उभी होती. सीटवर कावळ्यांचं राज्य, एअर फिल्टरच्या डब्ब्यात उंदराचा संसार, आणि घरातले रोज म्हणून रायले का देऊन टाका ना कबाडीले. नाही दिली. टायर धरून साडेनऊ हजारात उभी झाली, म्हणजे त्यातले हजार-बाराशे माझ्या मूर्खपणाचे, ते पुढे सांगतो.

पाना हातात घ्यायच्या आधी कागद पाहा भाऊ. आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, १५ वर्षांची असते, त्यानंतर नूतनीकरण ५-५ वर्षांसाठी होते, गाडी २० वर्षांच्या वर गेली का फी अजून वाढते. हँडलखालच्या नळीवरचा चेसिस नंबर गंजाने दिसत नसेल तर रॉकेलच्या चिंधीने घासा आणि आरसीशी जुळवा. एप्रिल २०१९ आधीची गाडी म्हणजे नवीन एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही आलीच. आणि नंबरच जुळत नसेल तर तिथंच थांबा, एक रुपयाही लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लगेच किक मारू नका बे! मी पह्यल्याच दिवशी चाळीस-पन्नास किका मारल्या, झालं काय तर टाकीतला सगळा गंज कार्बोरेटरमध्ये (जिथे हवा-पेट्रोल मिसळते) जाऊन बसला. सिलिंडर आतून कोरडा असतो, पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात, जोर लावला का ओरखडे पडतात. स्पार्क प्लग काढा, त्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, रातभर राहू द्या, सकाळी प्लग न लावता टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा. पिस्टन हलला म्हणजे अर्धी लढाई जिंकली. नंतर जुनं ऑइल गरम न करता तसंच काढून टाका, वेळ लागतो, लागू द्या, मग नवीन भरा.

स्पार्क पाहाचा तर प्लग कॅपमध्ये लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवा आणि किक मारा, पण पेट्रोल आणि प्लगचं भोक यापासून दूर. जुन्या स्प्लेंडरचं इग्निशन मॅग्नेटोवर (इंजिन फिरलं का स्वतःच वीज बनवते तो भाग) चालते, म्हणून बॅटरी मेलेली असली तरी ठिणगी येते. दुकानदार म्हणतो पह्यले बॅटरी घ्या, ऐकू नका, ती शेवटी हॉर्न-इंडिकेटरसाठी घ्या.

टाकीत खरी मेहनत आहे. पेट्रोल कॉक काढून भोक बंद करा, चार-पाच लिटर पांढरं व्हिनेगर आणि सायकलची एक जुनी चेन आत टाका (छर्रे किंवा नट टाकले तर एखादा आतच राहतो, चेन ओढून काढता येते), दोन दिवस दर काही तासांनी टाकीची कूस बदला. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने धुवा, आणि लगेच उन्हात ठेवा. आपल्या मे महिन्याच्या उन्हाचा हा एकच फायदा, दुपारभरात टाकी कोरडीठाक. सुकली का लगेच थोडं ऑइल आत घोळवा नाहीतर उघडं लोखंड दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल होते. टाकीला छेद असेल तर वेल्डिंग करू नका, आत पेट्रोलचा वास आहे तोवर तो बॉम्ब आहे.

कार्बोरेटर उघडताना फोटो काढत जा, आणि हवेचा स्क्रू काढायच्या आधी तो किती आटे उघडा आहे ते मोजून लिहा. बारीक जेट (पेट्रोल जायच्या भोकाचा पितळी स्क्रू) तुंबलेलाच असेल, त्यात सुई घालू नका, भोक मोठं झालं का मायलेज गेलं. विजेच्या वायरचा एक तांब्याचा तार पुरतो. आणि कार्बोरेटर-इंजिनच्या मधलं इनटेकचं रबर वाकवून पाहा, नागपूरच्या उन्हाने त्याले चिरा पडतात, तिथून हवा आत ओढल्या जाते, गाडी गरागरा रेस होऊन रायते आणि मेकॅनिक कार्बोरेटर बदला म्हणतो.

पैसे कुठे घालायचे? टायर, ट्यूब, ब्रेक शू, क्लच-ब्रेकच्या केबल, हे नवीनच. टायरवर चार आकडे असतात, ३२१४ म्हणजे २०१४ चा ३२ वा आठवडा, नक्षी शाबूत असली तरी असं रबर कडक झालेलं असते. साइड पॅनल, मडगार्ड, काच कबाडीतलं चालते. चेन डिझेलमध्ये धुऊन पाहा, कड्या अडकत नसतील तर राहू द्या.

पह्यली फेरी सकाळी सहाला, रस्ता रिकामा असताना. मी फुटाळा तलावापर्यंत गेलो, येताना सायलेन्सरचा एक नट पडला. तीनशे किलोमीटरवर ऑइल पुन्हा बदला, आत सुटलेली घाण त्यात येते.

हो, ते हजार-बाराशे. मी हौसेने सगळ्यात आधी टाकी रंगवून घेतली होती, मग व्हिनेगर झाकणातून वर सांडलं आणि रंग फुगून आला. अजून तशीच आहे, चट्ट्याची. काकाजी दर रविवारी विचारतात, रंग कधी देऊन रायला?