लार्सनचा सामना वहीत कसा उतरवावा

शिवाजी पार्क आणि आझाद मैदानावर मी सतरा वर्षं स्कोअर लिहिला. कांगा लीगच्या पावसात वहीवर प्लॅस्टिक धरायचं आणि सहा ठिपके जोडून मेडनचा एम काढायचा, ही हाताची सवय. गेल्या जूनमध्ये भाच्याने बेसबॉलचं कोरं स्कोअरकार्ड पुढ्यात ठेवलं. म्हणाला, "मामा, जमेल?" न जमायला काय झालं! फक्त सुरुवात भलत्याच सामन्याने करू नका. ८ ऑक्टोबर १९५६, यँकी स्टेडियम, वर्ल्ड सीरिजचा (अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा) पाचवा सामना, यँकीज विरुद्ध ब्रुकलिन डॉजर्स, हा घ्या. यँकीजचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, डॉन लार्सन याने डॉजर्सचे २७ बॅटर आले तसे परत पाठवले. हिट (फटका मारून बेस गाठणं) नाही, वॉक (चार बॉल, म्हणजे चार वाईट चेंडू पडल्यावर फुकट मिळणारा बेस) नाही, कोणाची चूकही नाही. शिकाऊ माणसाला याहून सोपं पान मिळणार नाही.

डावीकडे डॉजर्सची नऊ नावं, वर नऊ इनिंग. पेन्सिल टोकदार हवी, पेन नकोच. प्रत्येक चौकटीत बारीक शंकरपाळी काढा. बेस म्हणजे मैदानावरचे चार कोपरे; बॅटर जितके बेस गाठेल तितक्या तिच्या बाजू गडद करायच्या.

क्षेत्ररक्षकाचं नाव लिहायचं नाही, आकडा लिहायचा. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर, राइट ७, ८, ९. शॉर्टस्टॉप उभा असतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, त्यामुळे आकडा ५ वाटतो. माझी फसगत इथेच झाली. दुसऱ्या इनिंगमध्ये जॅकी रॉबिन्सनचा सणसणीत फटका थर्ड बेसवरच्या अँडी केरीच्या ग्लव्हला लागून शॉर्टस्टॉप गिल मॅकडूगल्डकडे उडाला. त्याने तो उचलून फर्स्ट बेसला फेकला, रॉबिन्सन जेमतेम बाद. मी लिहिलं ६-५-३. भाचा हसला. बरोबर आहे ५-६-३. चेंडू ज्या क्रमाने हाताळला गेला, त्याच क्रमाने आकडे. आपल्या वहीत स्लिपमधल्या एकाच्या हातून उडून दुसऱ्याने पकडलेला झेल दुसऱ्याच्याच नावावर जातो, पहिल्याची नोंदच नाही. इथे मात्र केरी कागदावर राहतो.

स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइक होऊन बाद) इंग्रजी के. नुसता एक आकडा म्हणजे त्या क्षेत्ररक्षकाने झेल घेतला. बॅट न फिरवता उभ्या उभ्या बाद झाला तर तोच के उलटा. उपलब्ध चित्रफितीत पहिली इनिंग नाही, तेव्हा ती माझ्याकडून उतरवून घ्या: गिलियम उलटा के, रीज उलटा के, स्नायडर ९. रीजला तीन बॉल मिळाले होते, अख्ख्या सामन्यात तेवढ्या एकालाच.

पाचव्या इनिंगला हॉजेसचा फटका लेफ्ट-सेंटरला लांब गेला आणि मिकी मँटलने धावत जाऊन पकडला. कागदावर नुसतं ८. मी शेजारी चांदणी काढतो, स्कोअररला एवढी मुभा असावी.

तिसऱ्या इनिंगनंतर वही जरा लांब धरा. एका रकान्यात तीनच चौकटी भरतात, पुढचा रकाना तीन ओळी खालून सुरू होतो, चौथ्या इनिंगला पुन्हा वरून. दादरच्या पुलाच्या जिन्यासारख्या पायऱ्या दिसायला हव्यात. पायरी मोडली तर तुमचं लिहिणं चुकलंय, लार्सनचं नाही.

यँकीजचं पान वेगळं भरा, तिथे डॉजर्सचा पिचर साल मॅग्ली यानेही पाचच हिट दिल्या. चौथ्या इनिंगला मँटलचा होमरन (एकाच फटक्यात चारही बेस): त्या शंकरपाळीच्या चारही बाजू गडद. सहाव्यात केरीची हिट, लार्सनचा सॅक्रिफाइस (स्वतः बाद होऊन केरीला पुढे सरकवणारा फटका), बाउअरची हिट, दुसरा रन. निकाल २-०.

आता नववी इनिंग. फुरिलो ९, कॅम्पानेला ४-३. मॅग्लीच्या जागी बॅटिंगला डेल मिचेल येतो, म्हणून त्याच ओळीत खाली बारीक अक्षरात त्याचं नाव लिहा. नवी ओळ काढाल तर जिना बिघडेल. ९७वा चेंडू, पंच बेब पिनेली स्ट्राइक देतात आणि यँकीजचा कॅचर योगी बेरा धावत जाऊन लार्सनच्या अंगावर उडी मारतो. ती उडी बघण्याआधी मिचेलचा उलटा के काढून घ्या.