डायग्राफवर काम सुरू करताय? आधी बारा चित्रं काढा

पीएच.डी.ला लागलो तेव्हा मला वाटायचं, ग्राफ थिअरी (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडांचं गणित) येते म्हणजे डायग्राफही (ज्यात प्रत्येक कडेला दिशा असते) येतात. कडांना बाणाची टोकं काढली की झालं! हा गैरसमज उतरायला आठ महिने गेले.

साध्या ग्राफची मॅट्रिक्स (कोणता बिंदू कोणाला जोडलाय याचा तक्ता) सममित असते, म्हणून तिची आयगेनमूल्यं (तिचं वागणं सांगणाऱ्या संख्या) वास्तव. आता तीन बिंदूंचा त्रिकोण घ्या आणि बाण एकाच दिशेने फिरवा. मूल्यं मिळतात 1 ची तीन घनमुळं, त्यातली दोन संमिश्र. एमएस्सीत घोटलेली निम्मी हत्यारं इथंच बोथट होतात. 'जोडलेला' हा शब्दही बदलतो: जाता आलं म्हणजे परत येता येईलच असं नाही. जोडलेल्या जाळ्यातले सगळे रस्ते एकेरी करूनही कुठूनही कुठंही पोचता येईल का? 1939 साली हर्बर्ट रॉबिन्स यांनी उत्तर दिलं: येईल, पण ज्याच्या बंद पडण्याने जाळं तुटतं असा एकही रस्ता त्यात नसेल तरच. (पुण्याच्या पेठांत दुचाकी चालवलेल्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.)

मी नादी लागलो ते पॉल सेमूर यांच्या 1990 च्या अनुमानाच्या. कोणत्याही दोन बिंदूंत फार तर एकच बाण असलेला डायग्राफ घ्या. त्यात असा एक तरी बिंदू सापडतोच, की ज्याच्यापासून नेमक्या दोन पावलांवर असलेले बिंदू एका पावलावरच्या बिंदूंपेक्षा कमी नसतात. विधान दहावीच्या मुलाला कळेल, सिद्धता अजून कुणाकडे नाही. मी मात्र दोन पानांत ती 'केली'. एक बिंदू काढून टाकायचा, उरलेल्यात चांगला बिंदू शोधायचा, काढलेला परत ठेवायचा. माझ्या गाइड मॅडमनी पेन्सिलीने तो बिंदू परत जागेवर मांडला, माझ्या 'चांगल्या' बिंदूपासून त्याच्याकडे बाण ओढला आणि विचारलं, "आता?" पहिल्या पावलावर एक बिंदू वाढला, दुसऱ्यावर काहीच नाही. दोन पानं गेली.

म्हणून नवख्यांनी टूर्नामेंटपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. बिंदू म्हणजे संघ, बाण जिंकलेल्याकडून हरलेल्याकडे; प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा खेळतो आणि बरोबरी नाही, एवढंच. सेमूरचं अनुमान टूर्नामेंटसाठी डेव्हिड फिशर यांनी 1996 मध्ये सिद्ध केलं. 2000 साली आवे आणि तोमासे यांनी फार सुंदर वाट दाखवली: बिंदू एका रांगेत असे मांडा की पुढे जाणारे बाण जास्तीत जास्त असतील. रांगेतला शेवटचा बिंदू हाच हवा असलेला बिंदू! हा युक्तिवाद मी चार वेळा वहीत उतरवला, तेव्हा कुठे हातात बसला.

पेपर वाचायच्या आधी पाच बिंदूंच्या सगळ्या टूर्नामेंट हाताने काढा. खरोखर वेगळ्या, म्हणजे बिंदूंची नावं बदलूनही एकसारख्या होत नाहीत अशा, 12 आहेत. सहा बिंदूंच्या 56, सातच्या 456. तिथं खुशाल पायथन उघडा. पण पाचच्या हातानेच. कोण किती सामने जिंकला तेवढं पाहून वेगळ्या करायला गेलात, तर 9 प्रकारच सापडतील, कारण काही वेगळ्या टूर्नामेंटचा गुणतक्ता अगदी सारखा असतो.

मी पहिल्या खेपेला 9 वर थांबलो होतो, आणि वर मोजून झालं म्हणून चहाला गेलो होतो.