कोल्हापुरात उतारवयासाठी घर निवडताना

कोल्हापुरात 1972 मध्ये महानगरपालिका आली, पण हद्दवाढ त्यानंतर कित्येक दशके रखडली. 2011 च्या जनगणनेत हद्दीतली लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. नवी वस्ती मात्र पाचगाव, कळंबा, उचगाव अशा लगतच्या गावांत पसरत गेली आणि शहरातल्या जागांचे भाव चढत राहिले. त्यामुळे पेठेतले जुने घर विकून उपनगरात फ्लॅट घ्यावा का, हा प्रश्न साठी ओलांडलेल्या अनेक दांपत्यांपुढे उभा आहे. तो सोडवताना भाव शेवटी पाहावा आणि त्या घरात पुढची वीस वर्षे कशी जातील हे आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात राहत्या घरापासून करावी. जुन्या घरातला जिना अरुंद आणि खडा असतो. चढताना धरायला वरून दोर सोडलेला असतो आणि गुडघे दुखू लागले की त्या दोराचाही उपयोग होत नाही. तळमजल्यावरच झोपण्याची खोली, कमोड आणि न्हाणीघर करता येत असेल, तर घर विकण्याची गरज पुष्कळदा उरत नाही. दूध, भाजी, औषधाचे दुकान पायी अंतरावर आणि सीपीआर हे मोठे सरकारी रुग्णालय जवळ, ही पेठेतली सोय दूरच्या उपनगरात पैसे मोजूनही मिळत नाही.

फ्लॅटच घ्यायचा ठरला, तर सर्वांत आधी पूररेषा पाहावी. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. त्या जागेचा गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक पूररेषेच्या नकाशावर कुठे पडतो, हे नगररचना विभागात विचारावे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे आणि 2019 व 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांपलीकडे गेले होते. आपण चौथ्या मजल्यावर आहोत, पाणी घरात येणार नाही, एवढ्यावर समाधान मानू नये. इमारतीला पाण्याने वेढले की वीज तोडली जाते, लिफ्ट बंद पडते, आणि ज्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावे लागते, त्याला खाली उतरवायचे कसे हा प्रश्न उरतोच.

नंतर टेप घेऊन स्नानगृहाचे दार मोजावे. ते बहुतेक फ्लॅटमध्ये अडीच फुटांचे असते आणि व्हीलचेअर सहज आत जायला सुमारे तीन फूट मोकळी रुंदी लागते. इमारत ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल, तर पिण्याचे पाणी कुठून येते आणि उन्हाळ्यात किती दिवसांआड येते, हे बिल्डरला नव्हे, तिथे राहणाऱ्यांना विचारावे. बिगरशेती आदेश, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र आणि महारेरा नोंदणी ही कागदपत्रे वकिलाकडून तपासून घ्यावीत.

जुने घर वडिलोपार्जित असेल, तर प्रॉपर्टी कार्डावर किती वारसांची नावे आहेत ते आधी पाहावे. बहिणींच्या सह्या राहून गेल्या, तर व्यवहार कोर्टात अडकतो. दीर्घकाळ मालकीचे घर विकून आलेल्या नफ्यावर करसवलत हवी असल्यास सर्वसाधारणपणे दोन वर्षांत दुसरे घर विकत घ्यावे किंवा तीन वर्षांत बांधावे लागते.

मुलांच्या आग्रहाखातर हयातीतच घर त्यांच्या नावे करू नये; मृत्युपत्र पुरेसे असते आणि ते बदलता येते. बक्षीसपत्र करायचेच झाले, तर आई-वडिलांचा सांभाळ करण्याची अट दस्तात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. ही अट पाळली गेली नाही, तर ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा 2007 च्या कलम 23 नुसार न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. त्यासाठीचा अर्ज प्रांत कार्यालयात द्यावा लागतो, म्हणून नोंदणी झालेल्या दस्ताची एक प्रत नेहमी स्वतःजवळ ठेवावी.