यूव्ही अ‍ॅक्रिलिक चिकटद्रव्याच्या चाचणीपूर्वीची तयारी

पुण्यात भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्यात काच आणि धातू यूव्ही अ‍ॅक्रिलिकने, म्हणजे अतिनील (यूव्ही) प्रकाशात घट्ट होणाऱ्या चिकटद्रव्याने, जोडून पाहायचे असतील, तर सर्वांत आधी रेडिओमीटर (प्रकाशाची तीव्रता मोजणारे उपकरण) मिळवावा. दिवा जुना होत जातो तशी त्याची तीव्रता घटते आणि सेकंद तेवढेच ठेवले तरी सांध्याला मिळणारा प्रकाश कमी होतो, म्हणून नुसती वेळेची नोंद मला कधीच पुरेशी वाटत नाही. मापन उघड्या दिव्याखाली न करता जोडायची काच सेन्सरवर ठेवून करावे. साधी पातळ काच ३६५ नॅनोमीटरचा बराचसा प्रकाश पलीकडे जाऊ देते. यूव्हीरोधक मिसळलेले पॉलिकार्बोनेट मात्र तो जवळजवळ अडवते आणि तेथे ४०५ नॅनोमीटरचा दिवा व त्याला प्रतिसाद देणारे चिकटद्रव्य लागते.

त्यानंतर डोसचा (तीव्रता गुणिले वेळ) तक्ता आखावा, आणि येथे घाई करू नये. ५० मिलीवॉट प्रति चौरस सेंटीमीटर तीव्रतेने २० सेकंद आणि ५०० मिलीवॉटने २ सेकंद, दोन्हींचा डोस १,००० मिलीज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर येतो, पण सांधे सारखे होतीलच असे नाही. तीव्र प्रकाशात मुक्त मूलके (रेणूंच्या साखळ्या सुरू करणारे अतिक्रियाशील कण) एकदम खूप तयार होतात आणि एकमेकांत मिसळून लवकर संपतात, त्यामुळे साखळ्या आखूड राहू शकतात. उलट हवेतला ऑक्सिजन ज्या वेगाने थरात शिरून मूलके निकामी करतो, त्यावर हीच तीव्रता मात करते आणि उघड्या कडेचा चिकटपणा कमी होतो. म्हणून दोन्ही तीव्रतांचे नमुने तयार ठेवावेत. अपुऱ्या डोसात मोनोमर (साखळीत न जोडलेले सुटे रेणू) शिल्लक राहून सांधा मऊ राहतो व उष्णतेत सरकतो. क्युअरिंग (घट्ट होण्याची क्रिया) पुढे जाते तसे कडकपणा आणि काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर थर मऊ पडतो) वाढते, पण आकुंचनाचा ताणही वाढतो. गरजेपेक्षा फार जास्त डोस दिल्यास थर ठिसूळ किंवा पिवळसर होण्याचा धोका असतो.

पावसाळ्यात काचेवर ओलाव्याचा अदृश्य थर बसतो, तेव्हा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, ओव्हनमध्ये वाळवून आणि खोलीच्या तापमानाला आणूनच काच वापरावी. ताकद ओढून मोजण्याआधी नमुने २४ तास ठेवावेत. तुटलेल्या सांध्यात थर मधूनच फाटला की पृष्ठभागापासून सुटला, याची नोंद आकड्याइतकीच महत्त्वाची आहे.

अ‍ॅक्रिलेट त्वचेला अ‍ॅलर्जी करू शकते, म्हणून नायट्राइल हातमोजे आणि यूव्ही अडवणारा चष्मा हवाच. शेवटी खिडकीचा पडदा ओढावा, कारण दुपारच्या उन्हात चिकटद्रव्य सोडणाऱ्या सुईच्या टोकाशी आलेले चिकटद्रव्य तिथेच घट्ट होऊन बसते.