होडीसाठी पाइप कापताय? या चुका टाळा

कृष्णा-दूधगंगेला पूर आला की कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज हे कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात. चिकोडी-निपाणी भागातल्या काठच्या गावांना मग होडीशिवाय पर्याय उरत नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात हे सगळ्यांनी अनुभवलं आहे. म्हणून होडीला नवा कठडा, छताचा सांगाडा किंवा बाकाच्या चौकटी बसवायचं काम उन्हाळ्यातच उरकायला हवं. हे सगळं पाइपकाम असतं, आणि जोड कच्चा निघाला की बोल वेल्डरला लागतो. पण वेल्डिंगच्या आधी पाइप कसा कापला, तिथेच निम्मं काम बिघडलेलं असतं. धातू कोणता, पाइपाची भिंत किती जाड आणि काप कुठे घ्यायचा हे न बघता हाताला लागेल ते मशीन आपण चालवतो.

“एक इंची” म्हणजे नेमका कोणता?

दुकानात एक इंची पाइप मागितला तर दोन वेगळ्या वस्तू मिळू शकतात. पाण्याच्या लाइनचा जीआय (जस्ताचा थर दिलेला) किंवा काळा (थर नसलेला लोखंडी) पाइप असेल तर त्याचा बाहेरचा व्यास 33.7 मिमी असतो आणि मध्यम जाडीच्या प्रकारात भिंत साधारण 3.2 मिमी. फर्निचरचा एक इंची पाइप मात्र बाहेरून खरोखरच 25.4 मिमी असतो, आणि 16 गेजमध्ये भिंत जेमतेम 1.6 मिमी. ब्लेड, होलसॉ (गोल भोक पाडणारी करवत), क्लॅम्प यांची निवड या आकड्यांवर ठरते. त्यामुळे व्हर्नियर (जाडी-व्यास मोजायचं माप) लावा आणि बाहेरचा व्यास व भिंत दोन्ही पाइपावरच खडूने लिहून ठेवा.

धातूचंही तसंच. आपल्या नदीचं आणि हिडकल जलाशयाचं पाणी गोडं आहे, इथे 304 या प्रतीचं स्टेनलेस पुरतं. तीच होडी पुढे गोवा-कारवारच्या खाऱ्या पाण्यात न्यायची असेल तर जास्त गंजरोधक 316 घ्या.

हॅक्सॉचे (हातकरवतीचे) दात तुटतात

“ब्लेडच हलकं आहे” असं म्हणून लोक दुसरं घेतात आणि तेही तुटतं. नियम साधा आहे: कापल्या जाणाऱ्या भिंतीवर कायम किमान तीन दात टेकलेले हवेत. इंचाला 18 दातांच्या ब्लेडला त्यासाठी सव्वाचार मिमी जाडी लागते, 24 दातांच्या ब्लेडला 3.2 मिमी. म्हणजे मध्यम जीआय पाइपाला 24 चं ब्लेड बरोबर बसतं. 16 गेजच्या पाइपाला 32 चंच घ्या, पण तिथेही सरळ खाली दाबत गेलात तर दोनच दात टेकतात. वरची भिंत कापून झाली की पाइप वाइसमध्ये (पकड-शिकंज्यात) थोडा फिरवा आणि पुन्हा वरूनच कापा. असं फिरवत फिरवत गोल पूर्ण करायचा. दात पुढच्या दिशेला, जोर पुढे जाताना, मागे येताना हात हलका. बायमेटल (दोन धातूंचं) ब्लेड थोडं महाग पडतं, पण वाकलं तरी सहसा मोडत नाही. माझं मत विचाराल तर आठ-दहा काप असतील तेव्हा ग्राइंडर काढूच नका.

काप तिरका जातो

डोळ्याच्या अंदाजाने मारलेली खूण हेच याचं कारण. सरळ कडेची कागदी पट्टी पाइपाभोवती गुंडाळा, दोन्ही कडा एकमेकींवर तंतोतंत आल्या की त्या कडेने रेघ मारा. चाकाचा पाइपकटर काटकोनात सुबक काप देतो. मात्र घाई करून स्क्रू एकदम आवळला तर पातळ पाइप चेपतो, आणि आत उभी राहिलेली धार रीमरने (आतली कड खरवडायच्या हत्याराने) किंवा गोल कानशीने काढावीच लागते. वायर किंवा दोरी जाणाऱ्या पाइपात ती धार राहिली तर वायरीचं वेष्टन सोलून निघतं.

कठड्याचा आडवा पाइप उभ्याला गोलाकार बसवायचा असेल तर ज्या पाइपाला भिडायचं त्याच्या बाहेरच्या व्यासाइतका होलसॉ घ्या. फट मोठी ठेवून ती वेल्डिंगने भरू नका. असा भरलेला जोड धक्क्याला तडकतो. आणि होडी धक्क्याला लागतच असते.

ग्राइंडर: सगळ्यात जास्त चुका इथेच

पहिली चूक चकतीची. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो. सात इंची चकतीची मर्यादा साधारण 8,500 असते. गार्ड काढून मोठी चकती चार इंची मशीनवर चढवणं म्हणजे ती तोंडासमोर फुटायची वाट बघणं. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख असते, ती वाचा. भिजलेली, कोपरा उडालेली चकती फेकून द्या. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात उघड्यावर पडलेल्या चकत्यांवर भरवसा नको.

दुसरी चूक स्टेनलेसची. आज ज्या चकतीने काळा पाइप कापला तीच उद्या स्टेनलेसला लावली, तर लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात. पहिल्याच पावसात कठड्यावर तांबूस ठिपके उठतात आणि बिचाऱ्या दुकानदाराला “माल खोटा दिला” असं ऐकावं लागतं. स्टेनलेससाठी चकती, कानस आणि तारेचा ब्रश वेगळेच ठेवा. चकतीवर “आयनॉक्स” (म्हणजे स्टेनलेससाठीची) लिहिलेलं बघा. ठिपके आलेच असतील तर स्टेनलेसच्याच ब्रशने घासा, सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने पुसा आणि साध्या पाण्याने स्वच्छ धुवा. स्टेनलेसवर हलक्या हाताने नुसतं घासत राहिलात तर जागा तापून निळी पडते आणि कडक होते. मग हॅक्सॉ पुढे सरकत नाही. दाब ठाम, वेग कमी.

तिसरी चूक ॲल्युमिनियमची. साधी चकती त्याने माखते, तापते आणि फुटायचा धोका वाढतो. तिथे ग्राइंडर नको, मायटर सॉवर लावलेलं कार्बाइड दातांचं पातं किंवा हॅक्सॉच हवा, आणि दातांना थोडं मेण लावा.

चौथी चूक जागेची. होडीतच बसून ग्राइंडर चालवू नका. ठिणग्या फायबरच्या अंगावर चिकटतात आणि पुढे गंजाचे डाग सोडतात. डिझेलची टाकी, तेलाच्या चिंध्या, तळाशी साचलेलं इंधन यांच्याजवळ एक ठिणगी पुरते. सांगाडा काठावर आणून कापा. तेही शक्य नसेल तर हॅक्सॉ.

चकती मध्येच अडकून मशीन हाताला झटका देते ना? पाइपाची दोन्ही टोकं टेकलेली असतात आणि मध्ये काप मिटत जातो, म्हणून. कापायचं टोक मोकळं लोंबू द्या. चष्मा आणि गार्ड याबाबत तडजोड नाही.

वीज आणि पाणी

काठावर एक्स्टेन्शन ओढणार असाल तर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डावरूनच ओढा. ओल्या जागी बॅटरीचा ग्राइंडर केव्हाही बरा.

काप खूप असतील आणि सगळे एकाच मापाचे, तर बेळगावच्या उद्यमबागेत बँडसॉ (पट्ट्याच्या पात्याची करवत मशीन) असलेल्या वर्कशॉपमधून तेवढे करून आणा. कूलंटखाली (थंड ठेवणाऱ्या द्रवाखाली) कापलेली टोकं तापत नाहीत आणि मापंही एकसारखी येतात.

कापल्यानंतर

जीआय पाइप कापला की टोकाचा जस्ताचा थर जातो. वेल्डिंगच्या जागेवरचा जस्त आधीच घासून काढा, कारण त्याचा धूर अंगात ताप आणतो. काम मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ न करता, वारा बाजूने येईल असं उभं राहून करा. नंतर त्या जागी जस्तयुक्त प्रायमर लावा. पाइपाची दोन्ही तोंडं बंद करून वेल्ड करायची असतील तर खालच्या बाजूला आधी एक छोटं भोक पाडा. नाहीतर आतली तापलेली हवा शेवटच्या टाक्यातून वितळलेला धातू बाहेर उडवते. वेल्डिंग झाल्यावर ते भोक बुजवायचं की पाणी निथळायला ठेवायचं, हे पाइप होडीत कुठे बसणार यावर ठरवा.